समोर ये, मग बोल

आमच्या आजीशी बोलायचं तर तिच्या समोर जाऊन उभं राहावं लागे. मागून मारलेली हाक, आतून ओरडून दिलेला निरोप, पायरी उतरता उतरता विचारलेला प्रश्न, यातलं काही ती मनावरच घेत नसे. "समोर ये, मग बोल," म्हणायची. मालकीणबाईंचा थाट आहे असं आम्ही समजायचो. गल्लीही तसंच समजायची, आणि खरं सांगायचं तर तो थाट तिला शोभायचाही.

मालकीण ती चक्कीची. बोईसरला नवापूर नाक्याच्या आतल्या बाजूला आमचं घर, आणि घराच्या पुढच्या खोलीत पिठाची चक्की. तिच्या शेजारी मिरची कुटायचा डंक, म्हणजे विजेवर धाडधाड वरखाली होणारी लोखंडी मुसळं. या दोन यंत्रांच्या मधे आजीची लाकडी खुर्ची. मी शाळेतून आले की दप्तर तिच्या खुर्चीमागे टाकायची आणि पिठाच्या डब्यांच्या रांगेत बसून येणारी-जाणारी माणसं बघायची.

आजीचं माहेर शिरगावचं. वाडीवर वाढलेली. चिकू, केळी, नारळ, आणि मैलभर शुकशुकाट. "झाडा बोलत नाय गो," ती सांगायची, "मी त्यांच्याशी बोलायची, ती काय बोलायची नाय." लग्न होऊन बोईसरला आली तेव्हा कारखाने नुकते उभे राहत होते. रोज नव्या गावाची, नव्या बोलीची माणसं स्टेशनवर उतरायची आणि भाड्याची खोली शोधत आमच्या गल्लीत शिरायची. दुसरी एखादी बाई या गर्दीला घाबरली असती. आजी दारात उभी राहून मजा बघायची.

चक्की खरं तर आजोबांनी टाकली होती. ते कारखान्यात बॉयलरवर होते आणि पाळी संपली की घरी चक्की चालवायचे. पण आजोबा अबोल माणूस. बायका येणार, दळण बारीक हवं की जाड यावर वाद घालणार, गव्हावर तांदूळ टाकला म्हणून चिडणार, हे सगळं त्यांना सोसत नसे. एकदा ते तापाने आडवे पडले. दाराशी डबे जमले, बायका कुरकुरायला लागल्या. आजीने पदर खोचला, मोटर चालू केली आणि पहिल्याच बाईचे तांदूळ कुणाच्या तरी गव्हाच्या उरलेल्या पिठावर दळून ठेवले. पीठ मळकट निघालं. बाई भडकली. आजीने ते पीठ स्वतःच्या घरात ठेवून घेतलं, आपल्या डब्यातलं पांढरं पीठ तिला भरून दिलं आणि म्हणाली, "आजच शिकले, बाय. उद्या ये, बरोबर देते." ती बाई दुसऱ्या दिवशी खरंच आली. आजोबा बरे झाले, पण चक्कीवर पुन्हा बसले नाहीत. बॉयलरशी त्यांचं जमायचं. माणसं त्यांनी बायकोवर सोपवून टाकली आणि त्यांचा चेहरा कायमचा सैल झाला.

डंक आजीने मागाहून घेतला. एप्रिल लागला की अख्ख्या पट्ट्यातल्या बायका वर्षाचा मसाला करायला निघतात. मिरच्या कडक वाळवायच्या, धणे-खडा मसाला भाजायचा आणि सगळं घेऊन डंकावर यायचं. त्या पहिल्याच मोसमात नवापूरहून एक कोळीण आली. तिचा मसाला कुटून झाला तर डबा पहिल्यापेक्षा अंमळ खाली. तिने आजीवर तोफ डागली. "माजा मसाला काढून घेतला तुमी!"

आजी उखळ झाडत होती, पाठमोरी. तिने मान वळवली नाही. कोळीण आणखी चढ्या आवाजात ओरडली. तरी नाही. शेवटी ती पुढे येऊन आजीच्या तोंडासमोर उभी राहिली आणि बोट नाचवत सगळं पुन्हा बोलली. आजीने ते शांतपणे ऐकलं, तिला हाताला धरून स्टुलावर बसवलं आणि पुढच्या बाईचा मसाला तिच्या डोळ्यांदेखत कुटला. मुसळं चालू झाली, तसा लाल धुरळा उठला. कोळीण शिंकली, ठसकली, डोळे पुसत बसली. झाल्यावर आजी म्हणाली, "बगितलंस? कमी झाला तो तुज्या नाकात गेला."

ती बाई इतकी हसली की स्टूल कलंडलं. तेव्हापासून ती दर उन्हाळ्यात यायची. मसाल्याचं निमित्त एका दिवसाचं, पण येताना सुके बोंबील घेऊन यायची आणि संध्याकाळच्या रिक्षापर्यंत हलायची नाही. आम्ही तिला मावशी म्हणायचो.

आजीच्या कानांची गल्लीत ख्याती होती. चक्की आणि डंक दोन्ही चालू असताना शेजारी उभ्या माणसाला आपला आवाज ऐकू येत नाही, पण रांगेच्या टोकाला कोण काय पुटपुटलं ते आजीला बरोबर कळायचं. "काकींचे कान फार तिखट," लोक म्हणायचे, आणि तिच्यासमोर जपून बोलायचे. माझे आईबाबा एकत्र आले तेही या तिखट कानांमुळेच.

माझी आई खानदेशातली. तिचा मोठा भाऊ इथे कारखान्यात लागला आणि त्याच्या खोलीवर स्वयंपाकाला म्हणून ती आली. ज्वारी आणि उडीद एकत्र दळून कळण्याची भाकरी करतात तिच्याकडे. ते दळण घेऊन ती रांगेत उभी होती. तेवढ्यात तिची घरमालकीण आली आणि आईचा डबा पायाने मागे सारून तिने स्वतःचा पुढे ठेवला. आईने तिचा तो डबा उचलला, मागे तिच्या जागी नेऊन ठेवला आणि हळू आवाजात म्हणाली, "खोली तुमची आहे. रांग नाही."

यंत्रं धडधडत होती. घरमालकिणीशिवाय कुणाला काही ऐकू गेलं नसेल. पण खुर्चीवर बसलेल्या आजीला ते कळलं. तिने त्या दिवशी संध्याकाळी आजोबांना सांगितलं, "आपल्या घरात अशी पायजे."

नातेवाइकांनी बराच गहजब केला. लांबची मुलगी, आपल्यातली नाही, बोलणं वेगळं, खाणं वेगळं. आजी आईच्या भावाकडे गेली आणि मुलीलाच समोर बसवून विचारलं. आई म्हणाली, "मला मासळी साफ करता येत नाही."

"आमाला तुमचं कळणं करता येत नाय," आजी म्हणाली. "दोगी मिळून शिकू."

माझे बाबा त्या बैठकीत एक शब्द बोलले नव्हते. ते आजोबांवर गेले आहेत.

मी मोठी झाले, शिकले, पालघरला कॉलेजात शिकवायला लागले आणि तिथेच खोली घेऊन राहिले. मधल्या काळात आजोबा गेले. ऐन मसाल्याच्या दिवसांत गेले. दहावा व्हायच्या आतच आजीने डंक सुरू केला, तेव्हा माहेरची मंडळी तिला समजवायला आली. लोक काय म्हणतील, निदान सुतक तरी पाळ. आजी काही बोलायच्या आत नवापूरची मावशी उंबऱ्यात आडवी आली. "बायांच्या मिरच्या सुकून तयार हायेत, वर ढग आलेत. त्या सडल्या तर तुमी सुतक पाळणार काय मिरच्यांचं?" मंडळी चहा पिऊन परत गेली. आजी त्या दिवसांत कमी बोलायची, पण खुर्ची तिने सोडली नाही. घरात एकटी बसले असते तर मीही गेले असते, असं तिने मला नंतर सांगितलं.

मग टाळेबंदी आली.

कारखाने थांबले, गाड्या थांबल्या, आणि भाड्याच्या खोल्यांमधून कोंडलेली माणसं उरली. बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशा. काही जणांना रेशनवर धान्य मिळालं, काहींना कुणी कुणी वाटलं. पण ते गहू होते, आणि गहू चावून खाता येत नाही. आसपासच्या दोन चक्क्या मालक गावी अडकल्याने बंद होत्या. आमच्या चक्कीसमोर रांग लागली. मी सुट्टी म्हणून बोईसरला आलेली, ती तिथेच राहिले होते.

बाबा म्हणाले, आजीचं वय झालंय, चक्की बंद ठेवू. नाक्यावरचा हवालदारही तेच सांगायला आला. आजीने त्याला विचारलं, "पीठ बंद करून काय खाणार तुमी?" हवालदार म्हणाला, "माणसं लांब लांब उभी करा, काकी." शेवटी घरात तह झाला. चक्की आई चालवणार. आजी रस्त्यापलीकडच्या बंद दुकानाच्या ओट्यावर खुर्ची टाकून रांग सांभाळणार, कुणाच्या जवळ जाणार नाही.

पहिल्या दिवसापासून काहीतरी बिघडलं होतं. एकाने जाड मागितलं तर आजीने बारीक सांगितलं. दुसऱ्याला तिनेच नाव विचारलं, त्याने ते सांगितलं, तर आजी "हां हां, रख दे" म्हणाली. आम्हाला वाटलं थकली असेल, सगळ्यांचंच डोकं ठिकाणावर नाही. मग एक तरुण बाई आली. कडेवर मूल, हातात गव्हाची पिशवी. ती आजीला काहीतरी सांगत होती, पुन्हा पुन्हा. आजीने मान डोलावली आणि म्हणाली, "ठीक है, रख दो, कल आना." बाई तिथेच उभी राहून रडायला लागली.

आई बाहेर आली. त्या बाईचं मूल तापाने फणफणलं होतं. डॉक्टर कुठे मिळेल, एवढंच ती विचारत होती. आईने हवालदाराला हाक मारली. त्याने मायलेकरांना मोटरसायकलवर बसवून दवाखान्यात नेलं. पोर वाचलं, पुढे ते रांगेत धावायचंही.

ते दोघं गेल्यावर आई रस्ता ओलांडून आजीच्या मागे जाऊन उभी राहिली. चक्की बंद होती. गल्ली चिडीचूप होती. आई मोठ्याने म्हणाली, "आई." पुन्हा म्हणाली, अजून मोठ्याने. मी दारात होते, मला ती हाक लख्ख ऐकू आली. आजी समोर बघत बसली होती.

आईने तिला वळसा घातला, समोर आली, चार हात लांब थांबून तोंडावरचा मास्क खाली ओढला आणि विचारलं, "किती वर्षं झाली?"

आजीने आधी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तुज्या लग्नाच्या आदीपासून," ती म्हणाली.

यंत्रांनी तिचे कान हळूहळू नेले होते. ती ऐकत नव्हतीच. ती ओठ वाचत होती. तिखट कान म्हणून गल्ली ज्याला घाबरायची, ते तिचे डोळे होते. "समोर ये, मग बोल" हा थाट नव्हता. आणि आता सगळ्या जगाने तोंडं झाकली होती. रोज शेकडो माणसांच्या मधे बसून आजी शिरगावच्या वाडीइतकी एकटी पडली होती, आणि आम्हाला कुणाला पत्ता नव्हता.

बाबांना फार लागलं ते. "मला का नाही सांगितलंस?" ते जेवताना म्हणाले. तिच्यासमोर बसून, मास्क नसताना.

"सांगितलं असतं तर चक्की बंद केली असती तुमी. घरात बसवून ठेवलं असतं. मी काय केलं असतं घरात?"

तिचं खरं होतं, आणि बाबांना ते ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी आजी ओट्यावर गेलीच नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. तिला असं दिवसाढवळ्या आडवं झालेलं मी कधी पाहिलं नव्हतं. आई एकटीच गेली आणि थोड्याच वेळात परत आली. रांगेत भांडणं लागली होती, जो तो विचारत होता, अम्मा कहाँ है.

"उठा," आई तिच्यासमोर बसून म्हणाली. "तुमच्याशिवाय रांग उभी राहत नाही."

"मला काय ऐकू येणार?"

"मग आजवर काय ऐकत होता?"

आजीने तिच्याकडे बघितलं आणि मग हसायलाच लागली. ती उठली, तोंड धुतलं, धुतलेलं पातळ नेसली. ओट्यावर खुर्चीपाशी उभी राहिली आणि सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात, तिच्या त्या हिंदीत म्हणाली, "सुनो! मेरेको सुनाई नहीं देता. कान गया. तुम लोग हाथ से बोलो!"

जी गोष्ट तिने नवऱ्यापासून, मुलापासून लपवली होती ती तिने भर रस्त्यात ओरडून सांगितली. मग पुढच्या माणसाने दोन्ही तळवे एकमेकांवर थापटले आणि पोळी लाटल्यासारखं केलं. बारीक. त्याच्या मागच्याने मूठ वळून गोळा केला आणि निखाऱ्यावर फिरवल्यासारखा फिरवला. लिट्टी करायची होती त्याला, जाड पाहिजे. आजीने दोघांचं बरोबर ओळखलं आणि आईला बोटांनी खूण केली. दोन-चार दिवसांत रांगेची स्वतःची भाषा तयार झाली. कुणी पोटावर हात फिरवून घरी किती तोंडं आहेत ते सांगे, कुणी हाताने शिट्टीची दोरी ओढून विचारे की गाडी सुटणार कधी. आजी हसून हात उलटे करायची. गाड्या सुटल्या तेव्हा बरेच जण निघण्याआधी तिला भेटून गेले. ओट्यापासून लांब उभं राहून, मास्क क्षणभर खाली करून, तिला वाचता येईल असं सावकाश बोलून गेले.

मावशी आली ती सगळं मोकळं झाल्यावर. आजीने तिला हे मोठं गुपित म्हणून सांगितलं. मावशी बोंबलांची पिशवी सोडत म्हणाली, "आमाला पयल्या दिवसापासून ठावं व्हतं. एवडी बोंबलले तुज्या पाठीमागं, तू हललीस पन नाय."

"आनि बोलली नायस कुनाला?"

"कशाला बोलू? तुजं गिऱ्हाईक तोडू?"

मी आजीला पालघरला नेऊन कानाचं यंत्र बसवून आणलं. ते लावून ती पहिल्यांदा चक्कीवर गेली आणि मोटर चालू झाली तशी खुर्चीतून उठूनच उभी राहिली. "एवडा आवाज करते ही मेली?" यंत्र काढून तिने आईच्या हातात दिलं. चक्कीवर तिने ते पुन्हा कधी लावलं नाही. पण घरी आल्यावर लावायची. पाण्याचा नळ, कुकर, बाबांचं घोरणं, सगळ्याची तिला मजा वाटायची. पुढच्या मोसमात मावशीचा आवाज तिने नीट ऐकला तेव्हा म्हणाली, "तू अशी घोगरी कदीपासून? मी तर तुला गोड गळ्याची समजत व्हते." मावशी दिवसभर रुसली होती.

शेवटचं वर्ष आजी घरातच होती. पाय चालत नव्हते. डॉक्टरांनी भेटायला येणारी माणसं कमी करा म्हणून सांगितलं, ते आजीने यंत्र लावलेलं असूनही ऐकलं नाही. तिने पलंग पुढच्या खोलीत, चक्कीच्या दाराला लागून टाकून घेतला. दळण ठेवलं की बायका तिच्या पायाशी येऊन बसायच्या. कुणाला खोली हवी असे, कुणाच्या मुलाला काम, कुणाला नुसतं सासूबद्दल बोलायचं असे. गेली त्या सकाळीही दोघी बसल्या होत्या. आजीने चहा घेतला, बशी खाली ठेवली, उशीला टेकली. त्या दोघी पुढेही थोडा वेळ बोलत राहिल्या. ती समोर बघत होती, म्हणून त्यांना वाटलं ऐकते आहे.

अंत्ययात्रेला गल्ली पुरली नाही. नवापूरहून टेम्पो भरून माणसं आली. शिरगावची आली. कामाच्या कपड्यांतली, पाळी सोडून आलेली माणसं होती, त्यातली कितीतरी आम्ही ओळखतही नव्हतो. एक जण बाबांना सांगत होता की माझं लग्न काकींनी जमवलं. बाबा त्याच्या खांद्यावर हात ठेवून नुसते उभे होते.

आता चक्की आईची आहे. तिने पलंग हलवला आणि तिथे पीठ चाळायचं नवं यंत्र बसवलं. दळण तयार झालं की ती फोनवर निरोप पाठवते, म्हणजे बायकांना ताटकळत बसावं लागत नाही. आजीला हे अजिबात रुचलं नसतं. बसू दे की त्यांना, म्हणाली असती. मी एकदा तसं आईला बोलूनही दाखवलं. आईने मिरचीची पिशवी काट्यावर चढवली आणि म्हणाली, "त्यांनी त्यांच्या पद्धतीने चालवली. मी माझ्या पद्धतीने चालवते." मग बाहेर डोकावून पुढच्या बाईला विचारलं, "बेडगी आहे ना? चांगली कडक वाळलीय. आणा आत."